माझ्या गुंड्याला अग्नी दिला तेव्हा

भिवाबांचं नाव मी सगळ्यांत आधी लिहितो. पुढं जे सांगणार आहे त्यात देवाचं नाव येईल, ते यायलाच पाहिजे, पण भिवाबांनी मला बजावलंय की माझ्या हातून झालेलं देवाच्या नावावर घालू नकोस. म्हणून आधी त्यांचं. पिंपरीच्या गावकुसाबाहेर जी वस्ती आहे तिथं ते राहतात आणि आमच्या बांधकामावर खडी फोडायला येतात. वय पन्नाशीच्या पुढं असेल. माझं कुत्रं मेलं, त्याला जाळायला त्यांनी मला मदत केली. ऐकायला गोष्ट एवढीच आहे. कुत्र्याला कुणी जाळतं का, असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. मलाही तोवर कधी ती वेळ आली नव्हती. जाळायचं तर लाकूड किती लागतं, जागा कोण देतं, खर्च काय येतो, यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. त्या एका दिवसात ते सगळं कळलं, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट कळली, जी मी तोवर उलटी धरून बसलो होतो.

मी मोगलाईतला, बीडकडचा. चौथीत असताना वडील गेले आणि शाळा तिथंच सुटली. आई आणि धाकटी बहीण गावी आहेत. आमच्या गावचा एकजण इकडं रेल्वेच्या कामाला आला होता, त्याच्या मागोमाग मीही आलो. पिंपरीला तेव्हा नव्या कारखान्यांची कामं निघाली होती, आणि कामगारांसाठी खोल्या बांधणाऱ्या एका ठेकेदारानं मला राखणीला ठेवलं. सिमेंटची पोती, सळया, फळ्या रात्रभर सांभाळायच्या आणि सकाळी ओव्हरशियरला मोजून द्यायच्या. राहायला तिथंच पत्र्याची खोपी. माझा स्वभाव मूळचाच घाबरट. एक फळी कमी भरली तर काय, आईचं पत्र आलं नाही तर काय, ताप आला तर इथं पाणी कोण देईल, अशा काळज्या मी ओळीनं लावून ठेवतो. त्या सगळ्यांवर माझा एकच तोडगा होता. निघताना आईनं भंडाऱ्याची पुरचुंडी दिली होती. खंडोबा आमचं कुळदैवत. काळजी दाटून आली की चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, देवा, तुझ्यावर टाकलं. तेवढ्यानं जीव थंड व्हायचा.

गुंड्या मला सिमेंटच्या पोत्यांमागं सापडला. आई मेलेलं पिल्लू होतं, पोट गोल, पाण्याच्या गुंडासारखं, म्हणून गुंड्या. तीन वर्षं तो माझ्याजवळ होता. मी फेरी मारायला निघालो की पुढं चालायचा आणि अंधारात काही हललं तर आधी थांबून माझ्याकडं बघायचा, मग भुंकायचा. जणू विचारून घ्यायचा. मला बोलायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या बोलीला इथले लोक हसायचे, मी 'करायलोय, जायलोय' म्हणालो की गवंडी नक्कल करायचे, त्यामुळं मी माणसांशी कमी बोलायचो आणि गुंड्याशी जास्त. रविवारी खंडोबाच्या नावानं भाकरीचा पहिला तुकडा त्याला. देवाच्या सोबत कुत्रं असतंच, तेव्हा हा देवानंच माझ्याकडं ठेवायला दिलाय, असं मी धरून चाललो होतो.

त्या वैशाखात बांधकामावर भटकी कुत्री फार झाली. गवंड्यांच्या भाकरी पळवायची, एका बिगारणीच्या पोटरीला चावली. ठेकेदारानं विषाच्या गोळ्या टाकायचं ठरवलं. शनिवारी ओव्हरशियर एकेकाला सांगत फिरला, "पाळलेलं असेल त्यानं दोन दिवस बांधून ठेवा. मागून माझ्याकडे रडत यायचं नाही." मी गुंड्याला खोपीच्या मेढीला बांधलं. रविवारी संध्याकाळपर्यंत तो कुईकुई करून थकला, दोरी चावायला लागला, चाटायला लागला, आणि सारखा माझ्याकडं बघायला लागला. मला बघवेना. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. मी पुरचुंडी काढली, त्याच्या कपाळावर भंडारा लावला आणि म्हणालो, देवा, तुझं कुत्रं तुझ्यावर टाकलं. मग दोरी सोडली. खरं तेच लिहिलं पाहिजे. दोरी तुटली नाही, कुणी चोरून सोडली नाही. मी सोडली. आणि सोडताना मला भीती नव्हती, उलट आपली भक्ती केवढी मोठी, असंच वाटलं होतं.

सोमवारी उजाडताना तो वाळूच्या ढिगामागं सापडला. पाय ताठ ताणलेले, जबडा आवळलेला, कपाळावरचं पिवळं तसंच. मी त्याच्याजवळ बसलो. रडू आलं नाही. राग आला, आणि तो देवाचा आला. मी तुझ्यावर टाकलं होतं, तुझ्याच वारी, तुझ्याच नावानं, मग तू काय केलंस. आईनं दिलेली पुरचुंडी खिशात होती, ती काढून फेकावी असं मनात आलं. फेकली नाही एवढंच.

ओव्हरशियरनं मला हलवलं. भटकी तीन कुत्री पहाटेच त्यांनी खड्ड्यात घालून वर चुना टाकून बुजवली होती. "तुझं तू बघ," तो म्हणाला, "सांगून ऐकलं नाहीस. संध्याकाळच्या आत उचल. उद्या साहेब यायचेत, वास आला तर माझ्या आधी तुझी नोकरी जाईल." गवंड्यांनी आपापला सल्ला दिला. एक म्हणाला, माळावर फेक, गिधाडं तासाभरात साफ करतात. दुसरा म्हणाला, पुरून टाक की. मी पहारीचा घाव घालून बघितला, खाली वीतभरावर मुरूम आणि त्याखाली खडक, शिवाय जिथं थोडं मऊ तिथं पायाची आखणी झालेली. तिसरा, आमच्यातला चेष्टेखोर, म्हणाला, "वीटभट्टीत सरकव, फुकटात होईल." त्यावर पहिला म्हणाला, "नको राव, त्या विटा आपल्याच खोल्यांना लागायच्या. बायको म्हणायची, भिंत भुंकती." सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्याचं कुत्रं असतं तर.

तेव्हा मी जे केलं ते मला त्या घटकेला अगदी साधं वाटलं होतं. आमच्या गावी जनावर मेलं की गावाबाहेरच्या वस्तीत सांगावा धाडायचा. तिथली माणसं येऊन ओढून न्यायची. लहानपणापासून तसंच बघितलेलं. ते काम त्यांचं, असं कुणी शिकवावं लागलं नव्हतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते माहीत होतं. मी गुंड्यावर पोतं झाकलं आणि पिंपरीच्या वस्तीकडं निघालो.

वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली चार-पाच माणसं बसली होती. एक तरणा दुसऱ्याचे केस कापत होता. बाजूला भिवाबा बसले होते, अंगठ्याला चिंधी बांधलेली. हातोडा बसून अंगठा चेपला होता म्हणून आठ दिवस घरी होते. तेव्हा मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, कामावर तोंडओळख होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "एक कुत्रं मेलंय. कुणीतरी येऊन घेऊन जा. चार आणे देतो."

कात्री थांबली. मग तो कात्रीवाला म्हणाला, "चार आणं? तुझ्या मुलखात लई सस्ताई दिसती." दुसरा उठून उभा राहिला. "आमी ते काम सोडलंय. गावाला सांगितलंय, आता तुलाबी सांगतो. कुणाचं मेलेलं आमी उचलत न्हाई."

मला खरंच कळेना. मी म्हणालो, "मग इथं उचलतं कोण?"

तेव्हा भिवाबा बोलले. "कुत्रं कुणाचं हाय?"

"माझंच."

"मग तू का न्हाई उचलत?"

त्यांनी ते रागानं विचारलं नाही. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं. मी तसाच मागं फिरलो. वाटेत आधी संताप आला, यांना एवढा ताठा कशाचा, चार आणे कमी वाटले असतील तर सांगावं की. मग हळूहळू ते 'तू का न्हाई उचलत' कानात फिरायला लागलं. खरंच का नाही? तीन वर्षं ज्याला मांडीवर घेऊन गोचीड काढले, तो एका रात्रीत माझ्यासाठी मेलेलं जनावर कसा झाला?

पण उचलून न्यायचा कुठं, हा घोर तसाच होता. नदीत सोडावा तर पवनेचं पाणी वैशाखात आटून डोहांपुरतं उरलेलं, आणि खाली थेरगावच्या बायका त्याच पाण्यावर घागरी भरायच्या. मग मनात आलं, जाळावं. माणसाला देतो तसा अग्नी द्यावा. देवाचा राग अजून होताच, पण गुंड्यानं तर काही केलं नव्हतं. मी निर्वासितांच्या कॅम्पात लाकडाच्या वखारीवर गेलो. वखारवाला सिंधी, फाळणीत इकडं आलेला म्हातारा माणूस. मी कशासाठी ते सांगितल्यावर तो हसला नाही. त्यानं बोटांवर हिशेब केला. माणसाला सात-आठ मण लागतं, कुत्र्याला दोन मण बस. बाभूळ मणाला अडीच रुपये. हमालाचे पोचवायचे बारा आणे. लाकूड अर्धं ओलं आहे म्हणून घासलेटची बाटली घ्यावीच लागेल. "सहा रुपयांच्या वर जाईल," तो म्हणाला, "आणि जागा? घाटावर गाववाले कुत्रं जाळू देणार नाहीत. ते माणसांचं मसण आहे. जागा आधी बघ, लाकूड नंतर." हा शेवटचा शब्द त्यानं विकणाऱ्यासारखा नाही, सांगणाऱ्यासारखा सांगितला. माझ्याजवळ तीन रुपये दोन आणे होते. बाकीचे पैसे मनिऑर्डरनं चार दिवसांपूर्वीच आईला गेले होते. पगाराला अजून बारा दिवस. उधार मागायला तोंड उघडलं आणि मिटलं.

परत येऊन मी गुंड्याजवळ बसलो. ऊन चढलं होतं, पोत्यावर माश्या बसायला लागल्या होत्या. मी ठरवलं की आता माळावर नेऊन ठेवायचा, दुसरं काही आपल्याच्यानं होत नाही. आणि मी देवाशी बोललो. रोजच्यासारखं 'तुझ्यावर टाकलं' असं म्हणालो नाही, ते शब्द तोंडात येईनात. म्हणालो, याला सोडलं मी, मारलं मी, आता निदान याचं शेवटचं नीट कर, मला करता येत नाही. मागणं म्हणावं तर मागणं, भांडण म्हणावं तर भांडण. मी पोतं सारखं केलं आणि वर मान केली तर समोर भिवाबा उभे होते. खांद्यावर कुदळ, हातात फावडं, चिंधी बांधलेला अंगठा वर धरलेला.

मी उठलो. मला वाटलं, त्यांचं मन बदललं. मी खिशात हात घातला.

"हात बाहीर काढ," ते म्हणाले. "मी न्यायला आलो न्हाई. ते काम सोडलंय म्हणजे सोडलंय. सोबतीला आलोय. फरक कळतोय का?"

मी मान हलवली. खरं तर तेव्हा पुरता कळला नव्हता.

"काय करनार हुतास?"

"माळावर ठेवतो."

"इख हाय त्याच्या अंगात. गिधाडं खात्याल, ती मरत्याल. कोल्हं खाईल, ते मरंल. धनगराची कुत्री हिंडत्यात तिकडं, ती मरत्याल. तुझं एक मेलं, आता त्येंचीबी मारतोस?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी वखारीतला हिशेब सांगितला, सहा रुपये, घाटावर जागा नाही. ते ऐकून त्यांनी नाक फेंदारलं. "वखारवाला जमिनीवरच्या चितेचा हिशेब करतो. आपुन चर खनू. चरात आग कोंडती, निम्म्या लाकडात काम हुतं. ओढ्याच्या कडंला आमची गोवऱ्यांची जागा हाय, तिथली माती मऊ हाय. चल, उचल त्याला."

मी गुंड्याला पोत्यात घेतला आणि खांद्यावर टाकला. भिवाबांनी हात लावला नाही. वाटेत दोनदा मी थांबलो, तेही थांबले, पण 'दे इकडं' म्हणाले नाहीत. आधी मला ते कठोर वाटलं. तो ताठलेला होता, नीट बसत नव्हता, त्याचं डोकं माझ्या पाठीला लागत होतं. पण थोडं चालल्यावर माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटतंय. लिंबाखालून जाताना तो कात्रीवाला म्हणाला, "काय पाव्हनं, आता चार आणं कुनाला देतूस?" भिवाबा म्हणाले, "तुलाच दील, तेवढं त्याचं केस कापून दे." त्यावर सगळे हसले, आणि या वेळी मीही हसलो.

ओढ्याकाठी भिवाबांनी पायानं रेघ मारून दिली. लांबी कुत्र्याहून हातभर जास्त, खोली गुडघाभर, आणि चराची दोन्ही टोकं वाऱ्याच्या दिशेला उतरती ठेवायची, म्हणजे वारा खालून शिरतो. खणलं मी. ते अंगठा सांभाळत बसून सांगत होते, इथं अजून घे, तिथं पुरे. मग आपल्या घरामागची बाभळीची खोडं त्यांनी दाखवली. बांधकामासाठी रान साफ केलं तेव्हा ज्यांनी मुळ्या खणल्या त्यांना ती खोडं न्यायची मुभा होती. वर्षाची वाळलेली, दगडासारखी. ती पावसाळ्यासाठी ठेवलेली होती हे बघताच कळत होतं, कारण दुसरं लाकूड घरात नव्हतं. मी मोजून मणभराच्या आसपास घेतली. चाळीसेक गोवऱ्या. पेटवायला तुरीच्या तुराट्या, त्या कात्रीवाल्यानं आणून टाकल्या आणि न बोलता गेला. तळाला खोडं आडवी, मध्ये फटी ठेवून. त्यावर गोवऱ्या, मग गुंड्या, मग पुन्हा गोवऱ्या आणि बारकी लाकडं. घासलेट लागलं नाही. पोतंही आत घालायचं, त्याला लाळ लागलेली असते, आणि हात राखेनं घासून धुवायचे. हे सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. माझ्यासारखा कुणी असा अडला तर त्याला कामी यावं.

पेटवायच्या आधी मी पुरचुंडी काढली. हात मध्येच थांबला. म्हणालो, "बाबा, हाच लावून मी त्याला सोडला होता. आता लावू का नको?" आणि मग सगळंच सांगून टाकलं, रविवार, दोरी, देवावर टाकणं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्यातल्या तरण्यांनी देव सोडलेत. मी अजून ठरवलं न्हाई. तुझा हाय, तू लाव. पन येक सांग, दोरी कुनाच्या हातात हुती?"

"माझ्या."

"मग ती देवाच्या हातात कशी गेली?"

मी भंडारा लावला आणि काडी ओढली. आगीनं आधी तुराट्या खाल्ल्या, मग चरातून वारा शिरला तसा तळातून घोगरा आवाज यायला लागला. आम्ही वाऱ्याच्या मागं बसलो. दुपार उतरेपर्यंत मधून मधून मी काठीनं खोडं पुढं सरकवत होतो. एकदा मी म्हणालो, "मी सकाळी मागणं केलं आणि मान वर केली तर तुम्ही. देवानंच धाडलं तुम्हाला." भिवाबांनी लगेच हात हलवला. "असं म्हनू नगंस. मी माझ्या पायानं आलो. येऊ का नगो, म्हनून तास दोन तास बसलो हुतो. घरातली म्हनली, कशाला जाता, परत जुनी चाल पडंल. तरी आलो. आता ते सगळं देवाला दिलंस, तर माझं काय राह्यलं?"

आजही मला दोन्ही खरं वाटतं. मागितलं आणि माणूस आला, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि ज्याला मी सकाळी चार आणे दाखवले तो स्वतःचा अपमान गिळून स्वतःच्या पायानं आला, हेही बघितलं. यातलं एक घेऊन दुसरं टाकायला मला जमत नाही. कृपा म्हणतात ती अशीच येत असेल तर तिच्यात त्या माणसाचे कष्ट असतात, एवढं मी धरून ठेवलंय.

दिवस कलायला लागला तेव्हा चरात पांढरी राख आणि थोडी हाडं उरली. मला वाटलं होतं राख देहूला न्यावी, इंद्रायणीत सोडावी. भिवाबा म्हणाले, "नदीचं पानी लोक पित्यात. हितंच माती लोट, वर दगडं रच, म्हंजी कुनी उकरायचं न्हाई." मी तसं केलं. हात धुतले. मग मी तीन रुपये पुढं केले. खोडांचे तरी घ्या म्हणालो, पावसाळ्यात तुम्हाला चूल पेटवायला काय राहील.

ते पैशांकडं बघत म्हणाले, "आता घेतलं की परत तेच काम झालं. आज तुझं घेतलं, उद्या गाव म्हनंल, त्याचं घेतलं तर आमचं का न्हाई घेत? हात मागं घ्यायला आमाला लई वर्सं लागली, गड्या. तीन रुपयात परत पुढं करू का?"

तेव्हा मला सकाळचा तो फरक पुरता कळला. मी पैसे खिशात घातले. घसा पार सुकला होता. मी म्हणालो, "पाणी देता का?" भिवाबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "पितूस?" मी म्हणालो, "तहान लागलीय." त्यांच्या घरातून तांब्या आला. आमच्या गावी मी हे केलं नसतं, आणि केलं असतं तर आईला सांगितलं नसतं. पाणी थंड होतं. त्यांच्या मालकीण म्हणाल्या, बेतानं प्या, दुसरी खेप आणायला नदीवर जावं लागतं. गावच्या विहिरीवर त्यांना भरू देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी अर्धा तांब्या पिऊन परत दिला.

पुढच्या रविवारी मी आकुर्डीला खंडोबाच्या माळावर गेलो. राग घेऊन गेलो नाही, तसा माफी मागायलाही शब्द नव्हते. देवासमोर बसलो तेव्हा ध्यानात आलं की इतकी वर्षं मी 'तुझ्यावर टाकलं' म्हणायचो ते कसं म्हणायचो. जे मला जड वाटायचं, भीतीचं वाटायचं, घाण वाटायचं, ते कुणाच्या तरी अंगावर ढकलायचो. कधी देवाच्या, कधी वस्तीतल्या माणसांच्या. दोघांनाही मी एकाच सुरात हाक मारत होतो, आणि त्यातल्या एका हाकेला भक्ती म्हणत होतो. दोरी माझ्या हातात होती तोवर ती माझी होती. सोडलं मी, मारलं मी, असं म्हणालो त्यानंतर वाट दाखवणारा आला, आणि गुंड्या माझ्या खांद्यावर आला तेव्हाच मला हलकं वाटलं. देवाला शरण जायचं म्हणजे आपल्या वाटणीचं आधी उचलायचं, आणि उचलून जिथं पाय थांबतात तिथून पुढचं त्याला सांगायचं, इतपत मला समजलंय. याहून जास्त समजल्याचा माझा दावा नाही. काळज्या अजून तशाच येतात. आता भंडारा लावतो आणि उठून फळ्या पुन्हा मोजतो.

गुंड्याच्या जागेवर रचलेले दगड अजून आहेत. मी अधूनमधून तिकडं जातो, भिवाबांकडं बसतो. त्यांचा अंगठा वाकडा जुळला, पण खडी फोडायला ते पुन्हा येतात. त्या पावसाळ्यात त्यांच्या घरी ओल्या शेणकुटांवर चूल धुपत होती, ती मी बघितली आहे, आणि ते देणं तीन रुपयांनी फिटण्यातलं नाही. वस्तीनं आपला स्वतःचा आड खणायचं ठरवलंय. जागा बघून झाली आहे, दिवाळीनंतर सुरुवात करायची म्हणतात. मला कुणी बोलावलेलं नाही, बोलावणारही नाहीत. पण ज्या दिवशी तिथं काम निघेल त्या दिवशी मी जाईन, आणि पाणी लागेपर्यंत जात राहीन. रजा मिळाली तर रजेवर, नाही मिळाली तर पगार बुडवून. भिवाबा, हे मी तुमच्यासाठी इथं लिहून ठेवतो. कुदळ माझी मी घेऊन येईन.